पार्किंगमधलं वीजघर

आमच्या बनशंकरीच्या बिल्डिंगमधले अण्णा बेळगावकडच्या एका छोट्या जलविद्युत केंद्रातून रिटायर झालेत, पण पाणी पडताना दिसलं की अजून ड्युटीवर असल्यासारखे थबकतात. कुणी बाल्कनी धुतली तरी खालून मान वर करून म्हणतात, "उंची चांगली आहे, धार स्वल्प कमी पडायलीय."

परवा ऐन उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी वाहायला लागली. टँकरचं विकतचं पाणी! मी पार्किंगमधली मोटार बंद करायला धावले. ती कुणी चालू ठेवली होती ते विचारावंच लागलं नाही. अण्णा ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली उकिडवे बसले होते. वरून कोसळणारं पाणी वाट्या जोडलेलं एक चाक फिरवत होतं, चाक सायकलचा डायनामो फिरवत होतं आणि एक इवलासा दिवा लागला होता.

"अहो अण्णा, हे पाणी वर चढवायला मोटार किती वीज खाते!"

"मग काय करायचं अक्का? तिकडं डोंगर फुकट होता. इथं नदी विकत आणून वर चढवावी लागते."

मी बटण दाबलं. चाक थांबलं, दिवा विझला. मलाच उगाच वाईट वाटलं.

अण्णा मात्र गुडघे झटकत खुशीत उठले.

"आमचं केंद्रपण उन्हाळ्यात असंच बंद पडायचं," ते म्हणाले. "अगदी हुबेहूब जमलंय बघा!"