हाकेच्या अंतरावरची हिरवळ

घरात सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. सत्तेचाळिशी आली, केस पिकले, तरी ती धाकटीच राहिली. दादा, म्हणजे थोरला भाऊ, शिकून दूर गेला आणि तिकडेच रमला. आई गेल्यावर घरात उरले ती आणि अप्पा. अप्पांनी उभा जन्म एका शाळेचं मैदान राखण्यात घालवला होता. चार वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांचं जग येऊन बसलं. धाकटी छापखान्यात मुद्रितं तपासायची. ती नोकरी तिने दोन महिन्यांपुरती सोडली, ती सुटलीच.

खिडकीसमोर घरामागची हिरवळ होती. दोन सतरंज्या अंथरल्या तर झाकून जाईल एवढीच. रोज अप्पांच्या चादरी वाळत घालायला धाकटी तिच्यावरून जायची, त्यामुळे माती तुडवून तुडवून दगड झाली होती. पाणी घातलं की वरच साचायचं. गवताच्या बुडाशी मेलेल्या काड्यांचा जाड थर, त्यात शेवाळ. "श्वास कोंडलाय तिचा," अप्पा दिवसातून दहादा म्हणत.

दादाच्या कानावर हे गेलं. स्वतः येण्याऐवजी त्याने गावातल्या दुकानातून हिरवळ खरवडायचं विजेचं यंत्र पाठवून दिलं. धाकटीने ते सुरू केलं आणि कानठळ्या बसल्या. पाच मिनिटांनी बंद केलं, तर आत अप्पा खुर्चीतून अर्धे घसरलेले आणि हाका मारून घसा बसलेला. तिने यंत्र पुन्हा खोक्यात भरलं.

गुरुवारी शेजारच्या निवृत्त नर्सबाई तासभर अप्पांजवळ बसत. त्या तासात ती यंत्र बदलून घ्यायला दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, "हिरवळ केवढी आहे?"

"एका हाकेत येते तेवढी."

तो हसला नाही. हातानेच काम होईल म्हणाला आणि एकेक हत्यार पुढे ठेवत गेला. पायात अडकवायच्या खिळ्यांच्या चपला त्याने स्वतःच बाजूला सारल्या. लोक हौसेने नेतात आणि घोटा मुरगळून परत येतात, शिवाय खिळा माती बाहेर काढत नाही, नुसती बाजूला दाबतो, असं त्याचं म्हणणं. चार दात्यांचा फोर्क भुसभुशीत मातीला ठीक. तिने सांगितली तशा घट्ट मातीला त्याने दोन पोकळ नळ्यांचं हत्यार दाखवलं. आडव्या दांडीवर पाय दाबायचा, की नळीतून मातीची गोळी बाहेर. मेलेलं गवत काढायला दंताळी दोन. पात्यांचं दंताळं तिच्या खांद्याला जड गेलं, लवचिक तारांचं हाताला बसलं. दांडा हनुवटीपर्यंत येतो का, हेही तिने उभं राहून पाहिलं. यातलं तुम्हाला कुठलं बरं वाटतं, असं चार वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. पाऊण तास कसा गेला कळलं नाही.

दुकानदार म्हणाला, "तुम्हाला हत्यार कळतं. शनिवारी गिऱ्हाइकांना समजावून सांगायला दोन तास येत जा."

ती विचारून सांगते म्हणाली. कुणाला, ते तिला ठाऊक होतं आणि आपण विचारणार नाही, हेही.

अप्पांनी नळ्यांचं हत्यार पाहून नाक मुरडलं. त्यांच्या मैदानाला जन्मभर फोर्क पुरला होता. तिने संध्याकाळी माती भिजवून ठेवली, सकाळी एक गोळी काढली आणि त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती अंगठ्याने फोडली, बराच वेळ पाहिली.

"दोन बोटांखाली मूळच नाही गं," ते हळू आवाजात म्हणाले. "आधी वरचं विंचरून काढ. मग भोकं. मग वाळू नि बी."

औषध, अंघोळ, जेवण यांच्या मधल्या दहा-दहा मिनिटांत ती नऊ दिवस राबली. एवढ्याशा जागेतून तीन पोती मेलेलं गवत निघालं. खिडकीतून सूचना चालूच. एका कोपऱ्यात मात्र भिंतीच्या आडोशाने ती त्यांना दिसत नसे. तिथे पोचल्यावर ती दंताळं टेकून नुसतीच उभी राहिली. पलीकडच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. ती ते ऐकत राहिली.

"धाकटे, हात का थांबला?" आतून आवाज आला.

यंत्राच्या आवाजात त्यांची हाक तिला ऐकू येत नव्हती, म्हणून तिने हातातली हत्यारं निवडली होती. आता तिचं थांबणंही त्यांना ऐकू येत होतं. तिने दंताळं पुन्हा ओढायला घेतलं.

दीड महिन्यात हिरवळ दाट आली. त्याच सुमारास दुकानदाराचा फोन आला. अप्पा समोरच होते. शनिवारी जमायचं नाही, एवढं सांगून तिने फोन ठेवला. कोण होतं, असं अप्पांनी विचारलं, तर चुकून लागला म्हणाली.

अप्पा खिडकीबाहेर पाहत होते. चार वर्षांत एवढे खुशीत ते दिसले नव्हते.

"हत्यार चांगलं निवडलंस," ते म्हणाले. "दरवर्षी असंच करायचं. वीस वर्षं कुठे जात नाही ते."

"हो अप्पा," ती म्हणाली आणि त्यांच्या औषधाला पाणी आणायला आत गेली.