तुळशीचं ओलं पान

यामिनी माझी नणंद. जन्म इथलाच, बागबाजारचा. लग्न केलं नाही, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आठ वर्षं तिने एकच गोष्ट डोक्यात घेतलीय : मिठाई गुंडाळायला प्लास्टिकऐवजी मातीत मिसळून जाणारा पारदर्शक कागद करायचा. अरारुटाच्या खळीत हळदीचा नि तुळशीचा अर्क घालून ती तो ताटांत वाळवते. माझी तुळस त्यापायी कायम बोडकी.

मार्चमध्ये ती निवृत्त होते, प्रयोगशाळा सुटणार. त्याआधी एका तरी दुकानाने कागद वापरावा, एवढंच तिचं म्हणणं. कोपऱ्यावरचा मिठाईवाला कसाबसा कबूल झाला. "दीदीमोणी, एसीत काहीही टिकेल. घरच्या दमट हवेत पाच दिवस टिकवून दाखवा."

म्हणून मंगळवारी तिने छेन्याची बंगाली मिठाई, सहा संदेश, एकेक गुंडाळून ताटलीत घालून फडताळात ठेवले. "वहिनी, हात लावायचा नाही हं!"

चार दिवस बुरशीचा ठिपका नाही. काल शनिवारी सकाळी मात्र मला राहवेना. या घरात खाण्याची वस्तू आधी देवापुढे जाते, आणि हे संदेश तसेच पडलेले. कागद सोडला नाही मी. नुसती ताटली देवापुढे ठेवली, पाणी फिरवलं, प्रत्येकावर धुतलेलं तुळशीचं पान ठेवलं आणि ताटली होती तिथे ठेवून दिली.

संध्याकाळी यामिनीने ती काढली. पानांखाली कागदाची पुन्हा खळ झालेली. सहाही संदेशांना मुंग्या.

"कोणी केलं हे?"

"देवाला दाखवले गं नुसते."

"देवाला बंद फडताळातलं दिसत नाही?" तिने ताटली ओट्यावर आदळली. "आठ वर्षं, वहिनी! एका पानाने घालवलीस!"

मिठाईवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "आमचं गिऱ्हाईक हीच पुडी ओल्या फुलांबरोबर देवळात नेणार. राहू दे, दीदीमोणी."

ती जेवली नाही. मी जपाला बसले, पण मन लागेना. खरं लिहायचं तर देवाचाही राग आला.

आज सकाळी ती वही घेऊन समोर बसली. तोंड फुगलेलंच.

"पान धुऊन झटकलं होतंस?"

"नाही."

"काढलं कधी?"

"काढलंच नाही."

तिने लिहून घेतलं. "ऊठ, पानं आण. नव्या कागदावर तसंच्या तसं ठेव."

"आज रविवार. रविवारी तुळस तोडत नाहीत."

तिने वही मिटली. कपाळाला हात लावून म्हणाली, "मग उद्या. किती वाजता तोडलेली चालेल, तेही आत्ताच सांगून टाक."