मिरचीच्या हाताचं औषध

माझ्या लग्नात कुत्रा द्यायचा असं कुणी ठरवलं नव्हतं. तो आपल्या पायांनी आला. साक्रीकडच्या डोंगरातून आमची बैलगाडी निघाली तेव्हा मी रीतीप्रमाणे रडत होते, आणि रडता रडता पदराआडून मागं बघत होते, हा येतोय की नाही. येत होता. वऱ्हाडातल्या माणसांनी दगड भिरकावले, हाडहाड केलं. तो जरा थांबायचा आणि पुन्हा चाकाच्या सावलीत यायचा. दोंडाईच्याजवळच्या सासरच्या गावी पोचलो, माप ओलांडायला मी उभी राहिले, तर मागं हा जीभ काढून उभा. सासूबाईंच्या हातातलं ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

"माय वं! नवरीसंगे करवलाबी ऊना!"

तेव्हापासून त्याला सगळे करवलाच म्हणू लागले.

सासरी मला एक मान फुकटात मिळाला होता. डोंगरातली पोर म्हणजे तिला झाडपाला कळणारच, असा तिथल्या बायकांचा समज. खरं म्हणजे मला कडुनिंब ओळखू यायचा आणि तुळस ओळखू यायची, ती सुद्धा वृंदावनात असेल तर. पण पंधरा वर्षांची नवी नवरी आयता मान कशाला नाकारील? कुणाचं पोट दुखलं की मी डोळे बारीक करून, "बघू, जीभ बघू," म्हणायची आणि ओवा चावायला सांगायची. ओवा त्यांच्याच घरात असायचा. तरी बायका म्हणायच्या, पोर हुशार शे.

पहिल्याच हिवाळ्यात ही हुशारी उघडी पडायची वेळ आली. करवला रात्री शेतातल्या गवताच्या गंजीत झोपायचा आणि रानडुकरांवर भुंकायचा, म्हणून तर त्याला भाकरी मिळत होती. एक दिवस तो मान वाकडी करून घरी आला. डावा कान जमिनीकडे, सारखा पायानं खाजवतोय, डोकं झटकतोय. दोन-चार दिवसांत कानाला असा वास सुटला की सासूबाई नाकाला पदर लावूनच ओट्यावर यायच्या. डाव्या बाजूनं कुणी आलं तर त्याला पत्ता लागेना. धुळ्याला जनावरांचा सरकारी डॉक्टर होता म्हणे, पण कुत्र्याचा कान दाखवायला गाडी जुंपली असती तर गावानं आधी आम्हालाच वेड्यात काढलं असतं.

मग मी कंबर कसली. लसूण टाकून तेल कडकडवलं, कोमट केलं आणि कानात ओतलं. शेजारची म्हणाली झेंडूच्या पाल्याचा रस, तो पिळला. कुणी म्हणालं हळद, ती घातली. सासूबाई लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "काय व, त्यान्हा कानमा भाजी शिजाडी राहिनी का? मीठ ऱ्हायनं देख!"

मी तोंड वर करून सांगितलं, आमच्या डोंगरात असंच करतात. आमच्या डोंगरात असं कुणीच करत नव्हतं.

ही भाजी कानात ठेवील तर तो करवला कसला? सासरे जेवायला बसले होते. ते शांत माणूस. चूळ भरली की दिवसाचं बोलणं संपलं. करवला त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि असं डोकं झटकलं की तेल, हळद, रस आणि काय काय त्यांच्या पांढऱ्या धोतरावर, मिशीवर आणि भाकरीवर. सासऱ्यांनी ताट सरकवलं. मिशी पुसली.

"ठेलारी जातीन तवय हाऊ त्यासले दी टाकू," ते म्हणाले. "बहिरा कुत्रा काय राखीन?"

ठेलारी म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणारे. पीक निघालं की ते आमच्या शेतात मेंढ्या बसवायचे. लेंड्या शेताला, धान्य त्यांना. पावसाळ्याआधी ते फिरून साक्रीकडेच जायचे, म्हणजे निकाल तसा वाईट नव्हता. माहेरच्या वाटेनं माहेरचा कुत्रा परत. पण त्या घरात मला ओळखणारं, मी सासरची होण्याआधीपासून ओळखणारं, तेवढं एकच जण होतं. मी चुलीपुढं बसून धुराच्या निमित्तानं डोळे पुसले.

ठेलाऱ्यांचा मेंढ्यांचा तळ उठायला आला तेव्हा मिरचीचा हंगाम अगदी भरात होता. खळ्यावर लाल पसारा, आणि आम्ही सगळ्या बायका शिंकत शिंकत देठ खुडत बसलेल्या. हाताची अशी आग व्हायची की झोपेतसुद्धा चुकून डोळा चोळला तर माणूस उठून बसे. त्या दुपारी मी ठरवलं, आता शेवटचा उपाय. बाकी सगळं सोडायचं, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं कान नुसता पुसायचा. उपाय चांगला होता. वैद्यीणच तेवढी कच्ची होती. मी हात पाण्यानं खळखळून धुतले, कापसाचा बोळा बोटाला गुंडाळला, कुत्र्याला गुडघ्यांत धरलं आणि मिरचीचं ते बोट कानात घातलं.

करवला जो उठला! मला उताणी पाडून तो मिरचीच्या पसाऱ्यातून असा गेला की लाल धुरळा उठला. बायकांनी शिंकावं की हसावं? तिथून तो मेंढ्यांत घुसला. मेंढ्या चारी वाटांनी पळाल्या, त्यांच्या मागं ठेलारी, त्यांच्या मागं मी, डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही, "करवल्या! करवल्या!" ओरडतेय. गावातल्या म्हाताऱ्यांना वर्षभर पुरेल एवढं बोलणं मी त्या दिवशी दिलं.

बांधाच्या बाभळीखाली तो सापडला. डोकं झटकत होता, झटकत होता, थांबतच नव्हता. मी जवळ गेले तर कानाच्या तोंडाशी कसलं तरी पिवळं टोक दिसलं. हात पुढं केला, तेवढ्यात मागून माझं मनगट धरलं गेलं. सासूबाई. त्या वयात धावत आल्या होत्या, हातात तुपाची वाटी.

"आधी तुन्हा हात. मिरची पाणीघाई जास का, येडी?"

पाण्यानं न गेलेली मिरची काढायला त्यांनी माझी बोटं तुपानं चोळली, चिंधीनं पुसली, पुन्हा चोळली. मग म्हणाल्या, "आते काढ." मी नखांनी टोक धरलं आणि ओढलं. गवताचं कुसळ! बोटाच्या पेराएवढं. गंजीत झोपताना शिरलेलं. मी त्याच्यावर तेल ओतत होते, हळद घालत होते, आणि ते आत आरामात भिजत बसलं होतं.

त्यानंतर कानात काही ओतलं नाही. सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या कोमट पाण्यात पिळलेल्या बोळ्यानं दिसतो तेवढाच कान पुसायचा, कोरडा करायचा. आत वारा लागावा म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं कान डोक्यावर बांधला, तर करवला फेटा बांधलेल्या पाटलासारखा दिसू लागला. लोक रस्त्यात थांबून त्याला रामराम करत.

ठेलारी निघाले त्या सकाळी सासरे दोरी घेऊन आले. वास गेला होता, मान सरळ झाली होती, पण ऐकू येतं की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. करवला ओट्याखाली पाठ करून बसलेला. सासरे डाव्या बाजूनं, दबक्या पायांनी त्याच्या मागं गेले. मी दाराआडून बघत होते. त्यांनी दोरीचं टोक नुसतं मातीवर टेकवलं. करवला गर्रकन फिरला आणि घरच्या मालकावर, दात काढून, असा भुंकला की सासरे दोन पावलं मागं सरले.

दोरी खुंटीला गेली. "आयकू येस त्याले," सासरे म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

सासूबाई आतून म्हणाल्या, "घरमा एक तरी शे, जो तुम्हले भुंकस!"

सासरे हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढं दोंडाईच्याच्या बाजारात बोलबाला झाला की अमक्याची सून कुत्र्याचा कान मिरचीनं बरा करते. लोक कुत्रं आणायचे, आणि बरोबर मूठभर मिरच्या. मी कान बघायची, कडुनिंबाचा पाला उकळायला सांगायची, आणि मिरच्या ठेवून घ्यायची. चटणी बरी व्हायची त्यांची.