खारट वरणाला पैकीच्या पैकी

सात वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, तेव्हा कॅन्सर गेला असं आम्ही धरूनच चाललो होतो. यंदा तो परत आला, आणि तोही जुन्या टाक्यांच्या अगदी कडेला. मेल्याने निदान नवी जागा तरी बघायची!

परभणीला डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवायला गेलो, तर नवऱ्याने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मला बाहेर बाकड्यावर पिशव्या राखायला बसवलं. आजार माझा, पण तो ऐकायचा मान पुरुषांचा. बाहेर येऊन म्हणाले, "काही न्हाई, बारीक गाठ हाय. चल, उसाचा रस पिऊ."

मला तिथेच शंका आली. हे गणिताचे मास्तर. बत्तीस वर्षं माझ्या स्वयंपाकाचे मार्क कापत आलेले. घरी, मानवतला परतल्यावर मात्र रोज कौतुक. करपलेली भाकरी खुसखुशीत, पांचट चहा लय भारी. खरं काय ते काढायचं म्हणून एक दिवस मी वरणात मुद्दाम चार चमचे मीठ घातलं. गडी डोळ्यांत पाणी आणून दोन वाट्या प्यायला आणि म्हणाला, "आज जमलंय बघ."

खारट वरणाला पैकीच्या पैकी! म्हणजे दिवाळी काही मी बघत नाही. कपाट उघडून जावांना द्यायच्या साड्या वेगळ्या काढल्या. मग धाकटीला माझी मोरपंखी पैठणी मिळणार या विचाराने इतका संताप आला, की सगळ्या परत आत कोंबल्या.

दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जाते म्हणून एसटीने परभणी गाठली आणि डॉक्टरांना विचारलं, "मी किती दिवसांची?"

ते चक्रावले. "ताई, गाठ जुन्याच जागी आहे, बाकी तपासण्या स्वच्छ आहेत. इतक्या वर्षांनी आली, हेही त्यातल्या त्यात बरं. ऑपरेशन करू, पुढे गोळ्या आणि गरज पडली तर शेक, म्हणजे रेडिएशन. दुसरीकडे पसरायचा धोका पहिल्यापेक्षा जास्त आहे, ते लपवत नाही. पण पुष्कळ बायका यातून निघतात, वर्षानुवर्षं जगतात. हे सगळं सरांना सांगितलं होतं की."

मी तणतणत घरी आले. "डॉक्टरनं इतकं नीट सांगितलं, आन तुमी माझं जित्तेपणीच श्राद्ध घालायलाव? ते खारट वरण कशापायी ढोसलं?"

ते ओट्याला टेकले. "डॉक्टर लय बोलले. पन मधीच म्हनले, गॅरंटी देता येत न्हाई. त्याच्या म्होरं मला काहीच ऐकू आलं न्हाई."

"गॅरंटी तर आपल्या मिक्सरचीबी कवाच संपली. चालायलाय ना अजून?"

हसतील असं वाटलं होतं. ते तर हमसून हमसून रडायला लागले. माझ्या मरणाची भीती मला होतीच. माझ्यामागे हे एकटे राहतील, याची त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. मी त्यांना पाणी दिलं, समोर बसवलं आणि डॉक्टरांचं बोलणं पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता सांगितलं. धोक्याचा भागसुद्धा. ते म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या खेपेला ते मलाही ऐकू आलं.