राबाला लागून ठेवलेले पाइप

सापगावच्या वत्सला विशेला संस्थेत सगळे ताई म्हणत. साहेबही म्हणत, आणि तिच्याहून चार वर्षांनी मोठा ड्रायव्हरही. शहापूरच्या कचेरीत बसून मुरबाडकडच्या पाड्यांवर नळाचं पाणी पोचवायचं, हे तिचं काम. पाइप कधी येणार, चर कधी खणायचा, टाकी कोणाच्या रानात बसवायची, गवंडी कुठून आणायचा, ही सगळी मोट तिने एकोणीस वर्षं बांधली. याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात, हे तिला नोकरीच्या पंधराव्या वर्षी मुंबईहून आलेल्या एका पोराने सांगितलं. तोवर ती त्याला धावपळ म्हणत होती. नोकरी मात्र वर्षाच्या कराराची. करार एकोणीस वेळा झाला, आणि सही होईपर्यंत दर वेळी नोकरी राहील की नाही, हे ठाऊक नसायचं.

गेल्या वर्षी संस्थेने तिच्या हाताखाली तीन शिकाऊ दिले. त्यांतली काजल मेंगाळ ही धसईच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची. वर्षाअखेर तिघांतल्या एकाची उत्कृष्ट शिकाऊ म्हणून निवड व्हायची होती. मुरबाडला सत्कार आणि त्याबरोबर कायमची नोकरी. सत्कार एक वेळ राहू दे, नोकरीसाठी कोणीही जीव टाकला असता. काजलच्या घरात तर महिन्याचा पगार ही चीज आजवर कोणी पाहिलेली नव्हती.

पोरगी कामाला वाघ होती. बाकीच्या दोघांनी संगणकावर रंगीत तक्ते केले, त्यात आषाढात चर खणायला वीस माणसं दाखवली. आषाढात माणसं भाताची रोपं लावायला, आवणीला जातात, चर खणायला काय यांचे तक्ते येणार? काजलने आधी पाड्याचं वर्ष मांडलं. भाताच्या रोपांसाठी राब कधी भाजतात, आवणी कधी, कापणी कधी, वाघबारशीला कामाला कोणी हात लावत नाही, हे सगळं लिहून उरलेल्या दिवसांत काम बसवलं. तिच्या पाड्याला पाणी ठरल्या दिवशी आलं.

हे सगळं आधी लिहून काढायचं शहाणपण तिला एका जळलेल्या ढिगाने शिकवलं होतं. फेब्रुवारीत काळ्या प्लास्टिकच्या पाइपांचा ट्रक आला तेव्हा काजलने फोन केला.

"ताई, रस्त्यालगतची जागा मोकळी हाय, पण ती मंगळूबाबाच्या राबाला लागून. तितं नको उतरवायला."

"दोन दिवसांचा तर प्रश्न हाय गो. उतरवून घे. हलवू मग."

वत्सला स्वतः शेतकऱ्याची लेक. रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून शेण नि पालापाचोळा तिने लहानपणी डोक्यावरून वाहिलेला. तरी फोन ठेवला आणि ती विसरली. म्हाताऱ्या मंगळूने आठवडाभर वाट पाहिली. कचेरीतली माणसं आपल्यासारखीच, त्यांना राब कळत असणार, नेतील उद्या-परवा, असं धरून चालला. शेवटी वेळ टळायला लागली तेव्हा एके पहाटे वारा पडलेला बघून त्याने राब पेटवला. उन्हं येता येता वारा सुटला. दुपारपर्यंत पाइपांचा काळा गोळा झाला होता.

वत्सलाने वर कळवलं, वणव्यात नुकसान. त्या दिवसांत डोंगरावर वणवे लागतातच. कोणी विचारलं नाही, नवे पाइप आले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता निवडीच्या अर्जात एक प्रश्न होता, वर्षातली तुमची सर्वांत मोठी चूक कोणती? बाकीच्या दोघांनी लिहिलं, आम्ही जास्त मेहनत करतो. काजलने लिहिलं, "पाइप राबाच्या जागेला लागून मी उतरवले. वणवा नव्हता." अर्ज वत्सलाच्या सहीने पुढे जायचा होता. तिने काजलला बोलावलं.

"दुसरं कायतरी लिही गो."

"दुसरी एवढी मोठी चूक नाय माझी, ताई."

"तू मला सांगितलं होतंस."

"एकदाच सांगितलं. परत सांगायला पायजे होतं." काजलने अर्ज परत तिच्यापुढे सरकवला. "मंगळूबाबा मला बघून वाट बदलतो. त्याला वाटतं, पाइप त्यानं जाळले. आज ना उद्या पोलीस येतील म्हणतो. वणवा नव्हता हे लिहून तरी टाकते मी."

वत्सलाला लाज वाटली. आणि, हे सांगायला हवं, लगेच हिशेबही सुचला. अर्ज आहे तसा पाठवला तर काजल बाद, आणि आपण शिकाऊ मुलीच्या सांगण्यावरून वणवा कळवला एवढंच म्हणायचं. करार शाबूत. दोन दिवस अर्ज तिच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी तिने मार्गदर्शकाच्या रकान्यात लिहिलं, "जागा नको असं काजलने आधी सांगितलं होतं. उतरवायला मी लावलं. वणव्याचं खोटं मी कळवलं. मंगळूचा दोष नाही." सही केली आणि अर्ज पुढे पाठवला.

मुरबाडच्या सभागृहात काजलचं नाव पुकारलं तेव्हा वत्सलाने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मंगळू पाड्यावरच्या माणसांबरोबर पहिल्या रांगेत होता. संस्थेच्या माणसाने घरी जाऊन त्याला सगळं नीट सांगितलं होतं. मार्चअखेर वत्सलाला पत्र आलं. करार पुढे वाढवता येत नाही, कामाचा ताबा काजल मेंगाळ यांच्याकडे द्यावा.

ताबा घेताना काजल रडली. वत्सलाने तिला कपाट दाखवलं, गवंड्यांचे नंबर दिले, साहेबांना चहा किती साखरेचा लागतो तेही सांगितलं. मग ती सापगावच्या रिक्षात बसली. तिला वाईट वाटत होतं, पोरीचा हेवाही वाटत होता. आपण केलं ते बरोबर होतं, यात तिला शंका नव्हती. पण हा शेवट आधी ठाऊक असता तर त्या रकान्यात काय लिहिलं असतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.