वायरमनची मूळव्याध

आमच्या वायरमनला मूळव्याध झाली आहे, असं मी गावभर सांगितलं. त्याला मूळव्याध नव्हती.

मी तेव्हाही नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या याच सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. कुठं तार तुटली की तो पोलाखाली उभा राहून मला फोन करायचा, मी त्या भागाची लाइन बंद करायचो, मग तो वर चढायचा. चढण्याआधी दर वेळी तीनदा विचारायचा, "बंद हाय ना? नक्की बंद? परत एकदा बघून सांग."

"अरे, बंद म्हणजे बंद! आता काय वाजतगाजत सांगू?" मी म्हणायचो. मी फार विनोदी माणूस आहे, असा माझा समज होता.

हळूहळू तीनाचे दहा झाले. करंट आहे का म्हणून घरच्या नळालाही तो आधी हाताची मागची बाजू लावून बघायला लागला. हॉटेलात कुणी भरताचं वांगं भाजायला घेतलं, की त्या जळक्या वासानं चहा टाकून उठायचा. झोप तर उडालीच होती. एकदा सबस्टेशनात ब्रेकर धाडकन आवाज करत ट्रिप झाला आणि हा सहा फुटी गडी माझ्या टेबलाखाली. मी हसलो. तुम्हीही हसला असता, पण तुम्ही निदान त्याचा फोटो काढला नसता.

तो फोटो मी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, कौतुकानं दाखवला. त्या हसल्या नाहीत, त्यांनी कारण सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, आधीच्या गावी, तो आणि त्याचा जोडीदार एकाच पोलावर होते. लाइन बंद होती. पण कुण्या मंगल कार्यालयातला जनरेटर चुकीचा जोडलेला, त्याचा करंट उलटा आला. जोडीदार कमरेच्या पट्ट्यात लटकलेला तिथंच गेला. याला खरचटलंसुद्धा नाही.

"समदे म्हनत्यात, नशीब काढलं," वहिनी म्हणाल्या. "पर भावजी, ते अजून त्या पोलावरनं उतरलेच न्हाईत."

फोटो मी पुसला आणि त्याला नगरला एका मानसोपचार डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तासभर ऐकून घेतलं. म्हणाल्या, "याला पीटीएसडी म्हणतात. हा भित्रेपणा नाही, आजार आहे. घडून गेलं हे तुम्हाला कळतं, पण शरीर अजून धोका समोरच आहे असं धरून चालतंय. यातून माणसं बरी होतात."

"नक्की बरं हुईल? परत एकदा सांगा."

बाईंनी न वैतागता परत सांगितलं. तिथंच मला माझी लायकी कळली.

गोळ्या सुरू झाल्या. त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे बाईंनी बजावलं. शिवाय दर गुरुवारी त्यांच्यासमोर बसून त्या दिवसाचं सगळं सांगायचं, पुन्हा पुन्हा, काही न गाळता. ज्याला टाळतो त्याच्या जवळ थोडं थोडं जायचं. आधी पोलाकडे नुसतं बघायचं, मग हात लावायचा, मग शिडीच्या दोन पायऱ्या.

आता गावाला उत्तर हवं, की हे दोघं दर गुरुवारी नगरला जातात कशाला? डोक्याचा डॉक्टर म्हटलं तर याला वेड्यात काढतील, म्हणून मित्राची अब्रू राखायला मी मूळव्याध निवडली. तीच का, ते विचारू नका.

गाव मायाळू निघालं. घरोघरचं ताक आलं, पोतंभर सुरण आला. हॉटेलवाल्यानं त्याच्यासाठी बाकावर स्कूटरची ट्यूब फुगवून ठेवली. आणि रोज ठेच्याशिवाय भाकरीला हात न लावणाऱ्या त्या माणसाला गावात कुणी मिरची दिसू देईना. बाईंनी तिखट बंद केलं नव्हतं. ते मी केलं.

तरी अडीच महिन्यांत फरक पडला. तो झोपू लागला, पोलावर चढू लागला. तेवढ्यात शेजारचे तात्या जामखेडहून डाग देणारा वैदू आणायला निघाले. मी घाबरून जाहीर केलं, "ऑपरेशन झालं! खडखडीत बरा!"

झालं. आता गुरुवारी जायला निमित्तच उरलं नाही. एक गुरुवार बुडाला, मग दुसरा, तिसरा. गोळ्याही संपल्या. "राहू दे, बरा हाय की मी," तो म्हणाला, आणि मी मान डोलावली.

चौथ्या आठवड्यात तात्यांच्या बांधावरची तार तुटली. माझी सुट्टी होती, लाइन दुसऱ्यानं बंद केलेली. फोन आला म्हणून धावलो, तर हा निम्म्या पोलावर, पोलाला मिठी मारून. ना वर, ना खाली. खाली वीस माणसं, आणि तात्या ओरडतायत, "ठनका लागला आसंल! दमानं घे!"

बाईंनी शिकवलेलं आठवलं. मी खालून म्हणालो, "समोर काय काय दिसतंय, एकेक सांग."

त्यानं पोल आणखी घट्ट धरला. मग बारीक आवाज आला, "ज्वारी."

"अजून?"

"तात्याची म्हस."

"अजून?"

"एक गाढव. लाल शर्टातलं."

लाल शर्ट माझा होता. इतका आनंद मला कुठल्याच कौतुकानं झालेला नाही.

तो वीतवीत करत उतरला, पाणी प्याला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मला मूळव्याध न्हाई. न्हवतीच." मग जोडीदाराचं सगळं सांगितलं, बाईंना सांगायचा तसं, काही न गाळता. आवाज कापला, पण थांबला नाही. शेवटी तात्या म्हणाले, "मंग ठेचा कशापायी सोडला?"

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या गुरुवारी एसटीत हॉटेलवाला आमच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा भाऊ ट्रॅक्टरखाली गेला होता. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मलाबी बाईंना भेटायचंय. घरी मूळव्याध सांगितलीय."

वर्षभरात वायरमन पुन्हा टोकापर्यंत जाऊ लागला. गोळ्या पुढं बाईंनीच कमी करत आणून थांबवल्या. दहा वेळा विचारणं पुन्हा तीनावर आलं आणि तिथंच राहिलं. मी बाईंकडे तक्रार केली, तर म्हणाल्या, "पोलावर चढणाऱ्यानं विचारावंच. तुम्ही उत्तर द्या."

आता तो बदली घेऊन जामखेडकडे, आपल्या गावी गेलाय. नवा वायरमन एकदाच विचारतो. मीच त्याला तीनदा सांगतो, "बंद आहे. नक्की बंद. परत बघितलं." तो वैतागतो.

आणि गेल्या महिन्यात मला मूळव्याध झाली. खरीखुरी. हॉटेलात सांगितलं, तर ट्यूब नाही की ताक नाही. हॉटेलवाल्यानं खांद्यावर हात ठेवला, "व्हशील बरा. बाईंचा हात चांगला हाय."

मी जामखेडला फोन लावला. "अरे, कुणाला खरंच वाटत नाही! काय सांगू लोकांना?"

तो पोटभर हसला. मग म्हणाला, "डोकं तपासायला चाललोय म्हनून सांग. तुझ्याबाबतीत लगीच पटंल."