व्याह्यांनी तपासलेलं सिम

पोळ्याच्या दिवशी माझे व्याही वारले. फोन आला तेव्हा मी वर्ध्याला घरी होते. मी बस धरली आणि हिंगणघाटला गेले.

वर्धा जिल्ह्यात आजवर जेवढा संशय निपजला असेल, त्यातला निम्मा माझ्या व्याह्यांच्या एकट्याच्या वाट्याला आला होता. आणि उरलेला निम्मा कोणी लांबवला, याचाही त्यांना संशय होता. मुलीच्या लग्नामुळे असा माणूस माझ्या नात्यात आला आणि मला जगाकडे पाहायची एक नवीच, जरा तिरपी, रीत कळली. ते कापसाचे दलाल. बाजारात कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी राहिली की शेतकरी वरचा पांढराशुभ्र कापूस उधळून दाखवी आणि व्याही त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता कोपरापर्यंत हात आत घालत. मधला मूठभर कापूस ओढून काढत, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्याचा धागा किती लांब निघतो ते पाहत, मग तो गालाला लावत, कोणी पाणी शिंपडून वजन वाढवलं आहे का ते कळायला. "वरचा कापूस दाखवासाठी राह्यते ईनबाई," ते मला म्हणायचे, कारण आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात, "अन् आतला विकासाठी." बाजारातून घरी आल्यावरही त्यांचा तो हात बाहेर आलाच नाही. टरबूज असो, गादी असो, भाषण असो, ते मधूनच नमुना काढायचे. बसवर वर्धा अशी पाटी असली तरी कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला, आणि दोघांचं एकमत झालं की त्यांना वाटायचं, हे दोघं मिळालेले दिसतात.

एकदा त्यांच्या गुडघ्यासाठी मी त्यांना सेवाग्रामला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुखत होता उजवा. त्यांनी सांगितला डावा. डॉक्टरांनी डावा गुडघा दाबला, वाकवला, पुन्हा दाबला आणि "यात तर काही दिसत नाही हो," असं म्हणाले. व्याह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "हा मानूस खरा हाय," ते माझ्या कानाशी पुटपुटले, आणि मग कुठे त्यांनी उजवा पाय पुढे केला.

मोबाइल आला तसा त्यांच्या संशयाला मोकळं रान मिळालं. कोणाचाही फोन हातात आला की त्यातलं जे ओळखीचं नाही ते ते काढून टाकत. त्यांच्या गल्लीतल्या कित्येकांचे खेळ, कॅलेंडरं आणि रामरक्षा अशा नाहीशा झाल्या. ओटीपीच्या बाबतीत तर त्यांचा शब्द हिंगणघाटात प्रमाण होता. चहाच्या टपरीवर ते लोकांना बजावत, "बाप जरी मांगत असला तरी देजो नोको." आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. तो तिथून वडिलांचं विजेचं बिल भरत होता आणि बँकेचा आकडा वडिलांच्या फोनवर आला. "बाबा, तेवढा आकडा सांगा." व्याही म्हणाले, "पोरगा असशीन तं अस. पन ओटीपी मांगनाऱ्याले मी पोरगा समजत नाई," आणि फोन ठेवून दिला. वीज तोडली गेली. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या विहीणबाई, पदराने वारा घेत बसल्या होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता चोर आला तं त्याले काई दिसनार नाई. हाही एक फायदाच!" व्याही मात्र विजयी मुद्रेने घाम पुसत होते.

अशा माणसाच्या तावडीत माझं ई-सिम सापडलं.

मी शाळेच्या पुस्तकांचं संपादन करते. घरी बसून, लॅपटॉपवर. कंपनी दूरच्या शहरातली, आणि तिथले लोक मला ओळखतात ते रोज दुपारच्या ऑनलाइन बैठकीपुरते. माझे यजमान गेल्यापासून त्या कामावर माझं घर चालतं, आणि खरं सांगायचं तर दिवसही त्याच्यावरच निघतो. तिकडे मुलीचे दिवस भरत आले होते आणि मला तिच्याजवळ राहायचं होतं. कंपनीने तिथून काम करायला परवानगी दिली, पण एका अटीवर: बैठक चुकता कामा नये. चुकली तर हातातलं पुस्तक दुसऱ्याकडे जाईल, आणि पुढचं येईल की नाही ते सांगता येणार नाही. माझं विमान ज्या सकाळी उतरणार होतं, त्याच सकाळी, तिथल्या घड्याळाप्रमाणे, पहिली बैठक होती. म्हणजे उतरल्या क्षणापासून फोनमध्ये नेट हवं. भाची म्हणाली, प्रवासाचं ई-सिम घे. दुकानात जायला नको, कार्ड नको, क्यूआर कोडची एक चौकट स्कॅन केली की झालं.

व्याह्यांना हे कळलं आणि ते पहिल्या बसने वर्ध्याला आले.

"सिम कुठी हाय?" पायरीवरूनच त्यांनी विचारलं.

"ते दिसत नसतं. फोनच्या आतच असतं."

"म्हंजे तुमी पैसे देसान अन् ते तुमाले काईच देनार नाई."

"नेट देतील ना."

"ते तरी दिसते का?"

मग आम्ही दोघं खुर्च्या ओढून लॅपटॉपसमोर बसलो आणि एकेका कंपनीच्या मालात व्याह्यांनी कोपरापर्यंत हात घातला. एकीने 'अनलिमिटेड' असं लिहिलं होतं. "भोजनालयाच्या पाटीवरही असंच राह्यते," ते म्हणाले. "चौथी पोळी मांगा, वाढपी भिंतीकडे पाह्यते." खाली बारीक अक्षरात पाहिलं तर खरंच, रोजचा ठरलेला वाटा संपला की वेग मरणार होता. दुसरीचं सगळं चांगलं होतं, पण त्या प्लॅनवर फोनमधून लॅपटॉपला नेट देता येत नव्हतं, आणि माझं तर सगळं काम लॅपटॉपवर. तिसरीने 'पूर्ण युरोप' असं म्हटलं होतं. "मले हिंगनघाटात पूर्न हिंगनघाट भेटत नाई," व्याही म्हणाले आणि ती बाद झाली. एका कंपनीच्या बाईचा हसरा फोटो होता. ती का हसते आहे, यावरून ती गेली. चहाची भांडी साचली. शेवटी एक सापडली, जिच्यात नेट मोजून होतं, लॅपटॉपला चालत होतं आणि तिथे पोचल्यावरच मुदत सुरू होणार होती. मोजून आहे म्हणूनच ती त्यांना पसंत पडली. मी पैसे भरले, चौकट स्कॅन केली, आणि सिम फोनमध्ये जाऊन बसलं.

"अन् हे आपलं जुनं सिम तिकडे नेऊ नोका," ते उठता उठता म्हणाले. "परदेशात जाऊन किती पैसे खाईन, भरवसा नाई." ते त्यांच्या दुसऱ्या, बटणाच्या फोनमध्ये सांभाळून ठेवणार होते. बँकेचे निरोप आले तर वाचणारसुद्धा नव्हते. वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

नागपूरच्या विमानतळावर दोघंही पोचवायला आले. विहीणबाईंच्या बांगडीतली सेफ्टी पिन घेऊन व्याह्यांनी माझं जुनं सिम काढलं, फोन जरा वेळ न्याहाळला, काहीतरी दाबलं आणि परत दिला. "आता चोख हाय," ते म्हणाले. मला ते आशीर्वादासारखं वाटलं.

तिकडे उतरले तेव्हा फोनला नेट नव्हतं. विमानतळाचं फुकटचं वायफाय जोडलं आणि दोन निरोप एकामागोमाग आले. पहिला जावयाचा: कळा सुरू झाल्यात, आम्ही दवाखान्यात आहोत, तुम्ही आगगाडीने सरळ इकडेच या. दुसरा व्याह्यांचा: तुमच्या फोनात एक बंद पडलेली लाइन होती, मी काढून टाकली, काळजी नसावी. मी एका बाकावर बसले. काढलेलं सिम पुन्हा बसत नाही, ती चौकट एकदाच चालते, हे आम्ही दोघांनी मिळूनच वाचलं होतं. वायफाय विमानतळाच्या दारापर्यंतच. बैठकीला थोडाच वेळ उरला होता. इथेच थांबले तर काम वाचेल, पण ऐन वेळी मी मुलीजवळ नसेन. निघाले तर काम गेलं.

मी व्याह्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला.

"पोचल्या का ईनबाई?"

"तुम्ही सिम काढलंत?"

"हाव. मेलेलं होतं. एक दांडी नोती त्याले."

"व्याही, ते इकडचं सिम होतं. नागपुरात त्याला सिग्नलची दांडी कुठून येणार?"

आयुष्यभर मधला कापूस पाहणाऱ्या माणसाने बंडी बाजारात शिरायच्या आधीच माल परत पाठवला होता.

मी सांगितलं, मी आत्ता नवं घेते. बँकेच्या कार्डाचा नंबर भरला. ओटीपीचा आकडा माझ्या जुन्या सिमवर गेला, म्हणजे हिंगणघाटला, व्याह्यांच्या हातात.

"आला का आकडा?"

"आला."

"सांगा."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ते हळूच म्हणाले, "कोन बोलून राह्यलं?"

"मी. तुमची विहीण."

"आवाज तं तसाच हाय. पन आता आवाजही बनवतेत म्हनते."

मागून विहीणबाईंचा आवाज आला, "अजी, सांगून टाका ना! सून तिकडे दवाखान्यात अडून राह्यली, अन् तुमी कापूस तपासून राह्यले!"

तेवढ्यात आकड्याची मुदत संपली. मी दुसरा मागवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि शेजारी बसलेले आजोबा मला रुमाल देऊ पाहत होते.

"एक सांगा," व्याही म्हणाले. "आमी पोरगी पाह्यले आलतो, तवा पोहे कोनं केलते?"

"शेजारच्या काकूंनी," मी म्हणाले. "मला चांगले जमत नाहीत, मुलीला तर मुळीच नाही. तुम्ही विचारलंत आणि मी सांगून टाकलं."

"बराबर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम निवळला. "बाकी साऱ्या घरी पोहे पोरीनंच केलते. अन् चव साऱ्यायची एकाच हॉटेलची. म्हनून तं तुमची पोरगी केली." मग देवाचं नाव घ्यावं तसा एकेक आकडा त्यांनी कुजबुजत सांगितला. शेवटच्या आकड्याआधी ते थांबले. तोही सांगितला.

बैठकीला मी आगगाडीतून हजर होते. मागच्या खिडकीतून पवनचक्क्या जाताना पाहून संपादक म्हणाले, छान पडदा लावलाय. दवाखान्यात पोचले तेव्हा मुलीने माझा हात धरला तो नात जन्मेपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी नात फोनवर दाखवली तर व्याही म्हणाले, कान जवळून दाखवा. कान पाहिला. दुसरा पाहिला. मग म्हणाले, "आपलीच हाय." आणि माझ्याशी बोलायला म्हणून फोन बाहेर अंगणात नेला. "ईनबाई, मी आकडा सांगतला हे गावात कोनाले सांगू नोका." मी सांगितलं नाही. ते असेपर्यंत नाही.

मुलगी, जावई आणि नात दिवाळीत यायचे होते. नातीसाठी पाळणा पाहायला व्याही सगळ्या बाजारातून हिंडले आणि एकाही पाळण्याची कडी त्यांना पटली नाही. पोळ्याला पुरणपोळी जेवून दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी पोचले तेव्हा विहीणबाई त्यांचं मनगट धरून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "दोनदा पाह्यलं मी. ते असते तं त्याइनं तिसऱ्यांदाही पाह्यलं असतं." मग मी त्यांच्याजवळ बसले आणि आम्ही दोघींनी मिळून तिसऱ्यांदा पाहिलं.

मुलगी आणि जावई आले, राहिले, परत गेले. नात आता धरून धरून चालते. काम अजून माझ्याकडे आहे. व्याही नाहीत.